बाबा हलले, तो फोटो

आमच्या कुमासी शहरात पाहुणा आला, की आधी त्याला बसवायचं आणि पाणी द्यायचं. तो पाणी प्यायला, की मग विचारायचं, "काय निमित्ताने येणं केलंत?" निमित्त कळलं आणि घरातली बाई चुलीकडे वळली, की पाहुण्याला एकटं वाटू नये म्हणून त्याच्या मांडीवर घरचा अल्बम ठेवायचा. पाणी, निमित्त, अल्बम. हे तिन्ही ज्या घरात होत नाही त्या घरात मुलगी देऊ नये, असं माझ्या आईचं स्पष्ट मत आहे, आणि ते तिने दोन ठिकाणी अमलातही आणलंय.

आता आमचा अल्बम. मी व्यवसायाने सर्व्हेअर आहे. अख्ख्या जिल्ह्यातल्या लोकांच्या कुंपणांच्या रेषा मी सरळ केल्या, भावाभावांतली भांडणं वितीवितीने मोजून मिटवली. आणि माझ्याच बैठकीत जो अल्बम फिरत होता, त्यात एक फोटो सरळ असेल तर शपथ! माझ्या शाळेच्या निरोपसमारंभानंतर दोन पानांनी माझं बारसं. मध्ये कुणाचं तरी गाढव, जे आमचं नव्हतं. आणि क्वामे मामा तर चक्क उलटा चिकटवलेला. येणारा प्रत्येक पाहुणा त्या पानाशी आला की अल्बम फिरवायचा, मामाला बघायचा, परत फिरवायचा. मला ते पाहवत नसे.

पण खरं शल्य होतं पहिल्या पानावर. आईबाबांचा एकत्र असा जगात तो एकच फोटो. लग्नानंतर लगेच स्टुडिओत काढलेला. मागे पडद्यावर रंगवलेलं विमान, पुढे स्टुलावर आई, नवं कापड नेसून, नजर कॅमेऱ्यात रोखून बसलेली. शेजारी बाबा उभे. हात, सूट, बूट, सगळं स्वच्छ. आणि चेहऱ्याच्या जागी नुसता धूर! ऐन वेळी त्यांनी मान हलवली होती. लहानपणापासून मी पाहुण्यांना तो फोटो दाखवत आलो, "ही आई. आणि हे बाबा. हलले." बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, पण हललेले ते हललेलेच. आई मात्र रविवारी चर्चमधून आली की बूट काढायच्या आधी अल्बम घ्यायची आणि पहिलं पान बघून ठेवून द्यायची.

त्या शनिवारी आई ऐंशी पूर्ण करणार होती. रात्री जेवताना कंद कुटून केलेल्या फुफूचा पहिला गोळा घशाखाली गेला आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. नवा अल्बम! प्रत्येक फोटो स्वच्छ, तारखेनिशी, काटकोनात! माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगतो.

"असलेल्या अल्बमला काय झालंय?" माझी बायको आफ्रिये म्हणाली.

"काय झालंय? अगं, मामा उलटा आहे!"

"क्वामे सरळ उभा होता तेव्हाही उलटाच होता," आई रश्श्यात बोट बुडवत म्हणाली. "राहू दे त्याला."

पण थोर कार्याला घरातून विरोध व्हायचाच. मी पांढरे हातमोजे, चिमटा आणि पोलादी पट्टी घेऊन बसलो. पहिल्या दहा मिनिटांत मला कळलं, की या अल्बमची चिकट पानं फोटोंना जशी घट्ट धरून बसली आहेत, तशी निष्ठा आमच्या खात्यात कुणीही खुर्चीखेरीज कशालाही दाखवलेली नाही.

भिंतीपलीकडे टीचर ओबेंग राहतात. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतर वर्ग गेला, पण शिकवण्याची हौस गेली नाही, ती सगळी भिंतीवरून आमच्याकडे येते.

"कोजो, डिंक म्हणजे काय? उष्णतेने सैल, थंडीने ठिसूळ. फ्रीजरमध्ये ठेव. टकाटक निघतील."

माझी पानं फ्रीजरमध्ये गेली, तिलापिया माशांच्या शेजारी. अर्ध्या तासात वीज गेली, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. डिंक ठिसूळ झाला नाही, पण अल्बमला असा काही वास सुटला, की शेजारची मांजर माझ्याकडे आदराने बघू लागली.

"थंडी कुठे लावता?" आमच्या फाटकाशी सिस्टर कोनादूचं केस विंचरायचं दुकान आहे, तिने हाक मारली. "गरम हवा द्या! आणा इकडे." दुकानात तीन बायका वेण्या घालून घेत बसल्या होत्या. तिघींनी मान न हलवता सल्ले दिले. एक म्हणाली जवळून हवा मार, दुसरी म्हणाली लांबून, तिसरी म्हणाली आमच्याकडे असंच करायला गेले आणि आजोबा जळाले. कोनादूने केस वाळवायचं यंत्र सुरू केलं. आणि काय सांगू! गाढव अलगद सुटलं! माझं बारसं सुटलं! मामा सुटला! तिन्ही बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला तर आपण काही शोध लावलाय असंच वाटायला लागलं. त्या भरात मी पहिलं पान पुढे केलं.

विमान सुटलं. आई सुटली. वरचं प्लास्टिक मी हळूच उचललं, तर बाबा प्लास्टिकबरोबर उठले. त्यांचा धूरकट चेहरा पापुद्र्यापापुद्र्याने सुटला आणि हरमटानचा कोरडा वारा सुटला होता, त्या वाऱ्याने तो दुकानाबाहेर लाल मातीत नेला. फोटोत राहिला एक सूट, आणि त्याच्या वर पांढरा ठिपका.

"तरी मी म्हटलं होतं लांबून," एक बाई पुटपुटली. मी रस्त्यावर गुडघे टेकून बाबा शोधत होतो आणि येणारेजाणारे विचारत होते, "साहेब, काही पडलं का?" काय सांगणार, कप्पाळ?

पण ऐका. रात्री पडल्यापडल्या मला वाटलं, अरे, ही तर संधी आहे! नाहीतरी तो चेहरा कामाचा नव्हताच. त्या जागी बाबांचा चांगला, स्थिर चेहरा बसवला तर? आई बघतच राहील! मी आनंदाने उठून बसलो. आफ्रियेला हलवून सांगितलं. ती म्हणाली, "उद्या सकाळी उठून आईंना खरं सांगा," आणि कूस बदलून झोपली. असल्या बायकांमुळे मोठमोठी कामं अडतात.

स्थिर चेहरा एकाच ठिकाणी होता. बाबा ज्या कोको खरेदीच्या कचेरीत कारकून होते, तिथल्या जुन्या फाइलीत. तिथल्या साहेबांनी मला प्रेमाने बसवलं.

"वडिलांच्या फोटोची नक्कल हवी? काहीच हरकत नाही. त्यांना घेऊन या."

"ते वारलेत."

"अरेरे. मग त्यांची ओळख पटवावी लागेल. त्यांचे दोन फोटो आणा."

"साहेब, फोटो नाही म्हणून तर फोटो मागतोय!"

"हो ना," साहेब हळहळून म्हणाले. "पण फोटोशिवाय फोटो दिला, तर उद्या कोणीही उठून कोणाचेही वडील नेईल." शेवटी पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि सांगितलं, की हेच कान आणि हेच कपाळ फाइलीत आहे, देऊन टाका. सरकारी कामात माझे कान प्रथमच उपयोगी पडले.

फोटो घेऊन मी धावतच 'देवाची वेळच योग्य' डिजिटल स्टुडिओत गेलो. तिथला मालक ब्राइट हा माणूस अंत्यविधीच्या फलकांसाठी कुमासीभर प्रसिद्ध. मेलेल्या माणसाला तो असा कोट घालतो, की नातेवाईकांना वाटतं, याने आमच्यापासून पैसा लपवून ठेवला होता की काय. ब्राइटने बाबांचा चेहरा बसवला, रंग उजळला, टाय सरळ केला, विमानाचा पंखा दुरुस्त केला. मी पट्टी लावून तपासलं. डोळे आडव्या रेषेत. उत्तम!

त्याच भरात मी आईचा फलकही सांगून टाकला. फाटकाला लावायला, पुरुषभर उंचीचा.

"फुगे टाकतो, सर. आणि केक. आणि लाल-पिवळं कायतरी," ब्राइट म्हणाला.

"अजिबात नाही! बटबटीत काही नको. काळ्यापांढऱ्यात काढ. वर नाव, मामे अकुआ सेरवा. खाली, वय वर्षे ऐंशी. आणि शनिवार, सर्वांनी अगत्य यावं."

ब्राइटने 'मामे', म्हणजे आमच्याकडची 'आईसाहेब', लिहून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. "सर, एखादा फुगा?"

"एकही नाही," मी म्हणालो. माणसाला अभिरुची नावाची काही चीज असते.

गुरुवारी संध्याकाळी मी आईसमोर दुरुस्त फोटो ठेवला. आईने चष्मा पुसला, फोटो जवळ धरला, लांब धरला.

"हा कोण?"

"आई! बाबा!"

"हे? हे कचेरीत बसायचे ते. माझ्या शेजारी हे कशाला?"

"अगं, चेहरा स्पष्ट केलाय. त्यात ते हलले होते ना."

"हलले नव्हते," आई म्हणाली. "फोटोवाला ओरडत होता, समोर बघा, समोर बघा. आणि हे वळून माझ्याकडे बघत होते. फोटोवाला म्हणाला, नाही चालणार, पुन्हा काढतो. हे म्हणाले, पुन्हा काढलात तर पुन्हा बघेन, तुमचीच फोटोची काच फुकट जाईल." मग तिने विचारलं, "पहिला कुठाय?"

मी तो सूट आणि वरचा पांढरा ठिपका तिच्या हातात दिला. मला वाटलं होतं ती चिडेल. आई चिडली की मला बरं वाटतं, घर चालू असल्यासारखं वाटतं. पण ती त्या ठिपक्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "शनिवारी पाहुण्यांना पाणी द्या. अल्बम नको." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी वऱ्हांड्यात बसलो. पन्नाशी उलटलेला माणूस, पण लहान मुलासारखं रडू आलं. आयुष्यभर मी पाहुण्यांना सांगत होतो, हलले, हलले. एकदा तरी आईला विचारायचं होतं, का हलले.

शुक्रवारी सकाळी ब्राइटची माणसं फलक लावून गेली. मंडपवाल्याने मंडप घातला, खुर्च्या मांडल्या. मी खिन्नपणे आत जेवणाची व्यवस्था बघत होतो, तोच टीचर ओबेंग आले, चर्चच्या गायनमंडळाला घेऊन. सगळे काळंपांढरं नेसून. मला वाटलं, काय ही माणसं! फलकाच्या रंगाला जुळवून घेतलं!

मी पाणी दिलं. निमित्त विचारलं. टीचर उठून उभे राहिले. "आम्ही बऱ्या पायाने, चांगल्या मनानेच आलोय. पण वाटेत एक गोष्ट कानावर आली, डोळ्यांनीही पाहिली. ती खरी का, एवढंच विचारायला आलोय."

आमच्याकडे जड गोष्ट कोणी थेट बोलत नाही. पण मला कुठे ठाऊक, की गोष्ट जड आहे?

"अगदी खरी!" मी म्हणालो. "उद्या या सगळे. बँड सांगितलाय. बकरा आहे."

गायनमंडळातल्या एका बाईने हंबरडा फोडला. टीचर ओबेंग म्हणाले, "कोजो, मधे एक भिंत आहे रे फक्त. तरी कळवलं नाहीस. आणि आता मला बकरा सांगतोस?"

माझी नजर फाटकाकडे गेली. काळापांढरा फलक. आईचा गंभीर चेहरा. वय वर्षे ऐंशी. शनिवार. मंडप, खुर्च्या. अख्ख्या कुमासीत असा फलक एकाच कामासाठी लागतो, आणि शनिवारी ते एकच काम असतं, अंत्यविधी. एक फुगा, देवा, एक फुगा टाकला असता तर!

मी आत धावलो. "आई, बाहेर चल! लोकांना वाटतंय तू गेलीस!"

आई मागच्या अंगणात भाजलेलं केळं आणि शेंगदाणे खात होती. कालपासून पहिल्यांदा तिचा चेहरा हलला. "कोण कोण आलंय?"

"गायनमंडळ. टीचर ओबेंग. अजून येताहेत. चल ना!"

"थांब जरा," आई खिडकीशी खुर्ची ओढत म्हणाली. "काय काय म्हणतात ते ऐकू दे."

आणि बाहेर तर रीघ लागली! बाजारातल्या बायका आल्या, बाबांच्या कचेरीतले म्हातारे आले. मी "अहो, ती आहे, आत आहे," म्हणत होतो आणि लोक माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होते, "हो रे, ती नेहमीच आत असणार, तुझ्या हृदयात." खिडकीतून आईची दाद ऐकू येत होती, "ही खोटं बोलतेय. हा खरं बोलतोय. हिला माझं सूप कधीच आवडलं नाही!" आफ्रिये हसून हसून भिंतीला टेकली होती.

आमच्याकडे अंत्यविधीला फोटोंचं पुस्तक छापतात. त्यासाठी जो तो आपल्या घरातले आईचे फोटो घेऊन आला होता. वाकडे, डागाळलेले, कुणाचा अंगठा मधे आलेला. बाजारात भांडताना आई. नाचताना आई. पाठमोरी आई. टेबलावर ढीग साचत गेला.

तेवढ्यात फाटकातून टाहो आला. "सेरवा गं! मला न सांगता गेलीस!" मामे पोकुआ! आईची बालमैत्रीण. एका निळ्या कापडावरून दोघींचं फाटलं होतं. आईने ते नेसायला म्हणून नेलं आणि परत दिलं नाही, असं पोकुआचं म्हणणं, आणि ते भेट मिळालं होतं, असं आईचं. तेव्हापासून चर्चमध्ये दोघी दोन टोकांच्या बाकांवर. "ते निळं कापड तुला दिलं गं! दिलं! नेसून जा वर! माफ केलं मी तुला!"

आई हातात केळ्याची ताटली घेऊन दारात आली. "सगळ्यांनी ऐकलं ना?" ती म्हणाली. "दिलं म्हणाली."

गायनमंडळातली दोन माणसं खुर्च्यांसकट मागे पडली. टीचर ओबेंग विज्ञान विसरून देवाचं नाव घेऊ लागले. पोकुआ तेवढी जागची हलली नाही. तिने आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू जिवंत आहेस?"

"दिसतेय ना."

"मग कापड परत दे."

आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या, अशा हसल्या, की उद्याची जागा बघायला आलेल्या बँडवाल्याने चुकून वाजवायला सुरुवात केली.

जरा वेळाने पोकुआने कमरेच्या गाठीतून एक फोटो काढला. "पुस्तकासाठी आणला होता. तुझ्या लग्नानंतर तूच दिला होतास. माझ्या स्वयंपाकघरात होता."

मागे विमान, त्यावर चुलीची काजळी. एक कोपरा उंदराने खाल्लेला. सुटावर पामतेलाचा डाग. स्टुलावर आई. आणि शेजारी बाबा, हललेले! आता मला दिसलं. तो धूर समोरून निघून आईकडे वळत होता. कान इकडे होता, डोळे तिकडे पोचले होते.

आईने फोटो घेतला आणि फोटोलाच म्हणाली, "आलात?"

ब्राइटही तोवर येऊन उभा होता. तो हळूच म्हणाला, "सर, डाग काढून देतो. कोपराही भरतो." माझा हात खिशातल्या पोलादी पट्टीकडे गेला. आयुष्याची सवय आहे ती. पट्टी काढली आणि टीचर ओबेंगच्या हातात दिली. म्हटलं, भिंतीपलीकडे घेऊन जा ही, आणि मी मागितली तरी देऊ नका.

शनिवारी काळंपांढरं नेसलेल्या लोकांनी आईचा वाढदिवस नाचून साजरा केला. दुसरं काही नेसायला शुक्रवारपासून कोणी घरी गेलंच नव्हतं. अल्बम पुन्हा मांड्यांवर फिरत होता आणि ज्याने त्याने आपला फोटो आपल्या हाताने, हवा तसा चिकटवला. मामाला आईने स्वतः लावलं, उलटं. गाढवाचाही पत्ता लागला, ते पोकुआचं होतं. तिने ते परत मागितलं नाही, कापड मात्र मागितलं.

संध्याकाळी ब्राइटने सगळ्यांना मंडपात उभं केलं. "कोणी हलू नका! समोर बघा!" मी ताठ उभा राहिलो, हनुवटी आडव्या रेषेत. तेवढ्यात शेजारी आफ्रिये माझ्या कानाशी पुटपुटली, "एखादा फुगा?" आणि फिस्सकन हसली.

ब्राइटने फोटो छापून आणला. ऐंशी माणसं लख्ख, टीचर ओबेंगच्या हातातली पट्टीसुद्धा लख्ख. आणि मधोमध एका सुटावर नुसता धूर.

"सर, तुम्ही हललात," ब्राइट ओशाळून म्हणाला. "पुन्हा काढू?"

आईने त्याच्या हातून फोटो घेतला, चष्मा पुसला, जवळ धरला, लांब धरला. मग अल्बमचं पहिलं पान उघडून तो बाबांच्या शेजारी तिरका दाबून बसवला.

"आता कुठे त्यांचा मुलगा दिसलास," ती म्हणाली.